नळीतला वारा

तारेला हिसका बसला, पाठ मागच्या फळीवर आदळली, चाकाखालचं गवत सरसर मागं पळालं आणि वेगाचा काटा जागचा हलला नाही. आधी मला वाटलं, मीच नीट बघत नाहीये. ग्लायडर जमिनीवरून सुटतं तेव्हा डोळ्यांचं काही खरं नसतं, सगळे आकडे एकमेकांवर चढतात. पण शेजारचा उंचीचा काटा आपला शहाण्यासारखा वर चढत होता. नाक आभाळाकडे, पाय डोक्याच्या पातळीत, खाली कुठंतरी तार ओढणारं इंजिन घरघरतंय, आणि हा बाबा शून्यावर पाय पसरून झोपलेला. घाबरायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण माझ्या स्वभावाला औषध नाही. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की असं का बरं?

"काटा?" मागच्या बैठकीवरून खिस्ती सरांनी विचारलं.

"शून्य, सर."

"माझाही. तार सोडू नकोस एवढ्यात. उंची घे आधी. उंची असली की विचार करायला सवड मिळते."

विचार करायला सवड. तेच तर मला हवं असतं, आणि तेच घरात कुणाला पटत नाही. खाली, माळाच्या कडेला, आई उभी होती. मला न्यायला आली होती. देवळाली प्रवऱ्याचे पाहुणे दसरा झाला की बघायला येणार होते; बारमाही ऊस, विहिरीला पाणी, मुलगा शांत. काल दुपारी पारनेरच्या गाडीतून ती नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरली, मी राहते त्या मावशीच्या घरी आली, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "चांगुणे, आवर. उद्या निघायचं." मी नाही म्हणाले. रडले नाही, भांडले नाही, नुसतं म्हणाले, एकदा येऊन बघ तरी मी काय करते ते. आई म्हणाली, "बघते. पर तितं जिवाला धोका हाय असं मला दिसलं, तर तशीच गाडीत घालून नेईन. मंग तोंड वाकडं करायचं न्हाई." मी कबूल झाले. आपण कशाला कबूल झालो, हे आत्ता, शून्यावरच्या काट्यासमोर बसून, नीट लक्षात येत होतं.

आईला सांगण्यासारखं काय होतं माझ्याजवळ? विमान म्हटलं की आमच्याकडे मान वर करायची, आवाज गेला की मान खाली करून पुन्हा खुरपायला लागायचं. ते लोक वेगळे, इंग्रजी बोलणारे, पुण्या-मुंबईच्या बंगल्यांतले. हे कुणी सांगितलं नव्हतं, पण बाजरी कधी पेरायची ते जसं माहीत असतं तसं ते माहीत होतं. खिस्ती सर हवाई दलातून निवृत्त होऊन नगरला आले आणि एक दिवस आमच्या वर्गात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता मार्क विचारणार. त्यांनी विचारलं, "विहिरीवरचं इंजिन कुणी कुणी खोललंय?" वर्ग खदखदा हसला. शेवगावच्या गोरक्षनाथनं, आमच्या गोरखनं, हात वर केला, आणि मी केला. मुलींच्या बाकांवर माझा एकच हात वर, आणि तो खाली घ्यावा की नाही या विचारात असतानाच ते म्हणाले, "तुम्ही दोघं रविवारी भिंगारच्या पुढच्या शेडमध्ये या. येताना जुने कपडे घाला." त्या शेडमध्ये, कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेलं हे ग्लायडर, पंख वेगळे, शेपूट वेगळं, एखाद्या लग्नघरच्या मांडवासारखं पसरलेलं होतं. सर म्हणाले, याला हात लावा. आम्ही लावेना. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात पंखाच्या उघड्या फासळीवर ठेवला. लाकूड. नुसतं लाकूड, सुताराकडचं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मावशीला सांगताना धड वाक्य होईना.

तार संपत आली. पिवळी मूठ ओढली, टक् झालं, आणि नाक आपोआप खाली आलं. इंजिनाची घरघर गेली की जी शांतता येते ती मला कुणाला समजावता आलेली नाही. ती रिकामी नसते. पंखांवरून वारा जातो, कापड बारीक थरथरतं, कुठंतरी लाकूड कुरकुरतं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये आपण. आज सगळं मीच करायचं होतं, सर नुसते बसणार होते. तसं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. या परीक्षेवर पुढचं सगळं अवलंबून. यात पास झाले तर ते मला दुरुस्तीचं आणि उडवण्याचं रीतसर शिक्षण घ्यायला पुण्याला धाडणार होते. मला वाटलं, आता ते म्हणतील, सोड, मी घेतो. ते म्हणाले, "काट्याकडे बघू नको. काय ऐकू येतंय?"

"वारा."

"कसला?"

याचं उत्तर यावं असं मला फार वाटलं. नाक वर-खाली करायची दांडी जराशी मागं घेतली तर आवाज बसला, दांडी हातात मऊ पडली, सैल चपलेसारखी. जराशी पुढं केली तर आवाज वर गेला, आणि दांडीत पुन्हा जीव आला. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. मी विसरलेच की ही परीक्षा आहे. इतके रविवार हा आवाज कानांवर पडत होता आणि मी काट्याकडे बघत बसले होते. समोर चांदबिबीच्या महालाचा डोंगर, त्याच्या माथ्यावर तो मनोरा, आणि त्याच्या जरा खाली ग्लायडरचं नाक ठेवलं की आवाज मधला राहायचा, ना बसलेला ना चढलेला. "सर, मधला आवाज," मी म्हणाले. सर कौतुक करत नाहीत. ते काही बोलले नाहीत म्हणजे बरं चाललंय असं समजायचं.

पण का? काटा का नाही हलत? वेगाच्या काट्याची नळी तर आम्ही पाठ केलेली. नाकाच्या टोकाला बोटभर लांब, पुढं तोंड उघडं. वारा त्या तोंडात घुसतो, आत जागा नाही म्हणून दाबला जातो, त्या दाबानं इकडे काटा हलतो. सरांनी हे फळ्यावर शिकवलं नाही. सलाईनची नळी आणली, पट्टीवर वाकवून बांधली, तिच्यात लाल शाईचं पाणी भरलं आणि म्हणाले, हिला वारा दाखवा. मग गोरख सायकलवर पुढं, मी कॅरिअरवर उलटी बसलेली, एका हातात पट्टी, नळीचं दुसरं तोंड काठीला बांधून पुढं काढलेलं. दिल्ली दरवाज्यातून निघालो. गोरखनं पायडल मारलं की लाल पाणी चढायचं, दमला की उतरायचं. "चांगुणे, किती चढलं?" "अजून मार." "अगं मेलो." "मार म्हणते ना." पानवाला, भाजीवाल्या बायका, सगळे बघत होते, एक म्हातारा तर म्हणाला की पोरीला सलाईन लावून दवाखान्यात नेतायत वाटतं. मला कशाचंही भान नव्हतं. न दिसणारी गोष्ट दिसत होती, ढळढळीत, लाल रंगाची. त्या संध्याकाळी मी मावशीच्या गच्चीवर उभी राहून तोंड उघडं ठेवून वाऱ्याकडे बघत होते, आणि मावशी म्हणाली, हिची कुणीतरी दृष्ट काढा.

तर मग दाब नाही. दाब नाही म्हणजे वारा आत जात नाही. वारा बाहेर भरपूर आहे, कानांना ऐकू येतोय. म्हणजे तोंड बंद. पण तोंड मी स्वतः तपासलं होतं. सकाळी नाकापासून सुरुवात केली, नळीवरची कापडी टोपी काढून खिशात ठेवली, नळीत डोळा घालून बघितलं, मग पंखांवरून शेपटीकडे गेले. शेपटीच्या बिजागऱ्यांत मी डोकं घालून बसले होते तेव्हा पुढं काय झालं? पुढं आई होती. दसऱ्याचा दिवस, आणि समोर वाहन. आई नुसती कशी उभी राहील? आमच्याकडे आदल्या दिवशी खंडेनवमीला नांगर, विळे, खुरपी, विहिरीवरचं इंजिन, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, आणि दसऱ्याला जे चाकावर चालतं त्याला झेंडूची माळ पडते. ती येताना पिशवीत सगळं घेऊनच आली होती. मी परत आले तेव्हा ग्लायडरच्या नाकावर हळदीची पाच बोटं होती, कुंकू होतं, गोरख माळ उतरवून ठेवत होता, आणि आईनं माझ्या कपाळाला अंगारा लावला.

अंगारा. घामानं तो आता भुवईपर्यंत उतरला होता आणि त्याला मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास होता. उदबत्ती पेटवली तर ती कुठंतरी खोचावी लागते. घरी आई कुठं खोचते? नांगराच्या भोकात. इंजिनाच्या नटाच्या फटीत. शिलाईच्या मशीनवर दोऱ्याचं रीळ बसतं त्या कांबीच्या बुडाशी. जिथं भोक दिसेल तिथं. आणि या एवढ्या मोठ्या, गुळगुळीत, नुसत्या कापड-लाकडाच्या वाहनाला पुढच्या टोकावर एकच भोक, उदबत्तीच्या जाडीचं, अगदी बसवून दिल्यासारखं. मला हसू आलं. खरंच आलं, इतक्या उंचीवर, एकटी खुदकन हसले. मागून सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, सर." आणि मग हसू गेलं, आणि पहिल्यांदा भीती वाटली. ग्लायडरची भीती नव्हती ती. आईला हे कळलं तर ती मला नेणार होती. जिवाला धोका असल्याचं तिला दिसणार होतं, आणि तो तिच्याच हातानं झालेला.

"डावीकडे वळ. माळाला समांतर. आणि येताना नाक जरा जास्तच खाली ठेव, कळेल ना?" कळलं. वळताना खाली सगळं हळू फिरलं: रस्ता, बाभळी, आमची शेड, यंदा पाऊस झाल्यामुळे हिरवा असलेला माळ, आणि कडेला आईचं लुगडं. ती हात कपाळावर धरून वर बघत होती. मला एकदम तिची फार माया आली. तिनं जगात कधी कशाला वाईट हेतूनं हात लावलेला नाही. शेवटच्या वळणानंतर मी फक्त ऐकलं. आवाज बसायला लागला की नाक खाली, आवाज चढला की थोडं वर. जमीन आली, मोठी झाली, गवताची पाती वेगळी दिसायला लागली. सरांचा हात दांडीवर असणार, पण मला तो जाणवला नाही. चाक टेकलं, एकदा उडालं, पुन्हा टेकलं, आणि आम्ही खडखडत थांबलो. एक पंख हळूच कलून गवतावर टेकला. गोरख धावत येत होता.

सर उतरले ते सरळ नाकाशी गेले. वाकून बघितलं. खिशातून बारीक तार काढून त्यांनी नळीत घातली, ओढली, आणि तळहातावर लाल रंगाच्या बांबूच्या काडीचा तुकडा पडला, टोकाला काळा मसाला चिकटलेला. गोरख धापा टाकत म्हणाला, "सर, तुम्ही येताय असं बघून ती मीच ओढून काढली. आत तुटली ते मला कळलं न्हाई." सरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"आजची तपासणी कुणाची?"

"माझी, सर," मी म्हणाले.

"शेपूट बघून झाल्यावर पुन्हा नाकाशी यायचं असतं, हे सांगितलंय की नाही?"

"सांगितलंय."

"मधे कुणी हात लावला, तर सगळी तपासणी पहिल्यापासून?"

"हो, सर. हळद दिसली होती मला." दिसली होती, आणि आई शेजारी उभी होती, म्हणून मी ती पुसली नव्हती. हे मी बोलले नाही. ती उदबत्ती कुणाची, हेही बोलले नाही. आवाज न चढवता ते म्हणाले, "उतरवलंस बरं. पण तपासणी सोडणाऱ्याला मी ठेवत नाही. यापुढं येऊ नको." गेल्या वर्षी त्यांनी एकाला शेपटीत पाना विसरला म्हणून काढलं होतं, तेव्हा मीच म्हणाले होते की बरोबर केलं. माझे कान वाजत होते, त्यांत अजून तो मधला आवाज होता. सर शेडकडे चालायला लागले.

आई आली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी लग्नकार्यातसुद्धा बघितला नव्हता. "बया, लई वर गेल्तीस की गं," ती म्हणाली. "मला वाटलं, आता दिसायची न्हाई, आन् मंग दिसलीस. मला काय बी भ्या वाटलं न्हाई बघ." मी म्हणाले, "हो ना." एवढंच बोलून गप्प बसले असते तर निभावलं असतं. ती खूश होती, निम्मी विरघळली होती. सरांचं मी नंतर काहीतरी केलं असतं, पाया पडले असते. पण आईची नजर गवतावर गेली, सरांनी टाकून दिलेल्या त्या तुकड्यावर. तिनं तो उचलला. नाकाशी धरून हुंगला.

"ही माजी उदबत्ती. ह्या भोकात हुती. का काढली?" मग वाकून तिनं नळीत एक डोळा मिटून बघितलं, सकाळी मी बघितलं होतं अगदी तसं. "हे भोक कशापायी हाय गं?"

आणि इथं माझा स्वभाव आडवा आला. कुणी मला विचारलं की हे कशासाठी आहे, तर मला गप्प बसता येत नाही, मग काही का होईना. मी सांगायला लागले. वारा कसा घुसतो, कसा दाबला जातो, काटा कसा हलतो. तिचा हात धरून तिचं बोट नळीच्या तोंडाशी नेलं, दुसऱ्या टोकाचा काटा दाखवला, नळीशी तोंड नेऊन अलगद, अगदी अलगद फुंकलं आणि काटा हललेला दाखवला. आई म्हणाली, "पुन्यांदा कर." पुन्हा केलं. तिनं विचारलं, वेग कळायलाच कशाला पाहिजे? मी सांगितलं, कमी झाला तर पंख धरत नाहीत, ग्लायडर दगडासारखं खाली येतं. हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी थांबले. आईचं बोट नळीवरच होतं.

ती हळूच खाली गवतात बसली. पदर तोंडाशी धरला. "म्हंजी आत्ता काटा नव्हता," ती म्हणाली. मी म्हणाले, नव्हता. "माज्या हातानं," ती म्हणाली. मी तिच्याशेजारी बसले. मला रडू येत होतं, आणि सगळं संपलं हे माहीत होतं. इकडे सरांनी काढलं, तिकडे आई नेणार. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी तेच.

"मंग तू खाली कशी आलीस?" तिनं विचारलं.

"ऐकून."

"काय ऐकून?"

मी सांगितलं. आवाज बसतो, दांडी मऊ पडते. आवाज चढतो, दांडीत जीव येतो. आणि मधे एक आवाज असतो. तो कसा असतो ते मला सांगता येईना, म्हणून मी तोंडानं करून दाखवला, दात आवळून, श्वास सोडत. आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मला वाटतं, इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच बघत होती. तिनं विचारलं, साहेब कशाला रागावले? मी म्हणाले, तपासणी माझी होती. काढून टाकलं मला. तू केलंस असं मी सांगितलेलं नाही.

ती उठली. लुगड्याला चिकटलेलं गवत झटकलं आणि सरळ शेडकडे चालायला लागली. मी मागून. सर फळीवर तारा गुंडाळत होते. आई त्यांच्यासमोर उभी राहिली, आयुष्यात कधी परक्या पुरुषाशी अशी उभी राहून बोललेली नसताना.

"साहेब, ती उदबत्ती मी खवली हुती. आज दसरा, तुमचं वाहन, मला वाटलं पूजा करावी. पोरीची चूक न्हाई."

"बाई, चूक तिचीच आहे," सर म्हणाले. ते कठोर बोलत नव्हते, फक्त सांगत होते. "तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तिला ठाऊक होतं. बघायचं काम तिचं होतं."

आईनं त्यावर विचार केला. मला वाटलं, आता म्हणेल, चल गं, झालं तुझं. सरांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते पुन्हा तारेकडे वळले होते.

"व्हय," आई म्हणाली. "मंग तिला रागवा. लई रागवा. चार दिवस झाडू मारायला लावा. पर काढू नका, साहेब. तिला ते आवाजाचं येतंय."

सरांचे हात थांबले. ते माझ्याकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते. मग तार खुंटीला अडकवून ते म्हणाले, "यंदा पुण्याला गोरक्षनाथ जाईल. ही पुढच्या दसऱ्यापर्यंत जमिनीवर. दर वेळची सगळी तपासणी हीच करेल, उडेल दुसरं कुणीतरी. चालेल?" त्यांनी हे आईला विचारलं. मला नाही.

"चालंल," आई म्हणाली.

वर्षभर जमिनीवर. मला वाईट वाटलं, आणि इतकं हलकं वाटलं की मी दाराची चौकट धरली. माळीवाड्याच्या स्टँडवर दुपारी पारनेरची गाडी लागली तेव्हा आई आत चढून खिडकीशी बसली. मी खाली उभी. इतका वेळ मी तो विषय काढला नव्हता, आता गाडी सुटणार म्हणून विचारलं, "आणि देवळालीचे पाहुणे आले म्हणजे त्यांना काय सांगशील?"

आईनं पदर डोक्यावर घेतला. कंडक्टरनं दार ओढलं.

"सांगीन," ती म्हणाली, "पोरगी कामावर हाय."